लाल तेही, लाल हेही

मित्रांनो, नावात ‘गन’ असली तरी मला घाबरू नका. मी एक जुनी ग्रीसगन आहे. माझ्यातून गोळी सुटत नाही. दांडा दाबला की बोटभर ग्रीस बाहेर येते आणि यंत्राच्या सांध्यात शिरते. हातभर लांबीचे लोखंडी पोट, एक दांडा आणि एक नळी, एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते बंदर, कारण माझी एकोणीस वर्षे तिथेच गेली. जहाजांतून मोठमोठ्या पेट्या उतरवणारी एक उंच क्रेन तिथे होती. ती एका भल्यामोठ्या लोखंडी कड्यावर गोल फिरायची. त्या कड्याला बेअरिंग म्हणतात. त्याच्या आत मुठीएवढे पोलादी गोळे असतात आणि त्यांना ग्रीस भरवण्याचे काम माझे.

मला हाताळणाऱ्या माणसाला सगळे चिकटमामा म्हणत. हात सदा ग्रीसने माखलेले म्हणून चिकट, आणि एखादी गोष्ट मनावर घेतली की सोडायचे नाहीत म्हणूनही चिकट. ग्रीस आत जायचे बारीक तोंड पुसल्याशिवाय त्यांनी माझी नळी कधी त्यावर टेकवली नाही. फडके नसले तर स्वतःचा सदरा. यावरून मामी घरी त्यांना काय म्हणत असतील ते मी सांगायला नको.

क्रेनच्या केबिनमध्ये बसायची ती मामांची लेक. ऐंशी पायऱ्या चढून वर जाण्याआधी ती रोज विचारायची, “बाबा, झालं का हिचं जेवण?”

“झालं. आता जा.”

मामांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय ती पहिल्या पायरीवर पाय ठेवत नसे. मला याचा केवढा अभिमान वाटायचा!

मग आमचे नेहमीचे ग्रीस मिळेनासे झाले. स्टोअरवाल्यांनी दुसऱ्याच कारखान्याचा ड्रम मागवला. मामांनी झाकण उघडले, चिमूटभर ग्रीस बोटांत चोळले, चष्मा वर-खाली करत ड्रमवरची बारीक अक्षरे वाचली आणि मान हलवली.

“हे असं घालून चालायचं नाही.”

“अहो मामा, तेही लाल, हेही लाल,” स्टोअरवाले हसले. “अजून काय पाहिजे?”

“रंगाचं काय घेऊन बसलात? रंग वरून टाकतात. आतला साबण वेगळा आहे.”

मित्रांनो, ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा एक प्रकारचा साबण. काही साबण एकमेकांना पाण्यात पाहतात. एकत्र आले की दोघांचीही पकड सुटते आणि तेल वाहून जाते. नवे ग्रीस वाईट नव्हते. पण क्रेन सावकाश फिरवत, नवे दाबत राहून, आधी जुने पुरते बाहेर काढायला हवे होते. मामांनी बंदराच्या साहेबांकडे दोन दिवस मागितले.

“मामा, जहाज उभं आहे हो. दोन दिवस कुठून आणू? घाला तसंच.”

मामा तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा साहेबांनी मान वर केली नाही. परत येऊन मामांनी मला नव्या ग्रीसने भरले. माझ्या तळाशी थोडे जुने उरले होते. दोन्ही मिसळली आणि पातळ होऊ लागली, हे मला पोटातच कळले. किती वाटले, नळी तुंबावी, दांडा अडकावा! पण माझी घडण पक्की होती. मामांनी दाबले आणि मी दिले.

“झालं का हिचं जेवण?” लेकीने विचारले.

मामा कितीतरी वेळ हात पुसत राहिले. “झालं,” ते म्हणाले. “जा.”

आणि गंमत बघा, क्रेन सुरेख फिरू लागली! “बाबा, लोण्यासारखी फिरतेय!” लेक वरून ओरडली. साहेबांनी मामांच्या पाठीवर थाप मारली, माझेही कौतुक केले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

चौथ्या दिवशी कड्याखालून लाल ओघळ येऊ लागले. “थोडं अजून घाला,” साहेब म्हणाले. जितके घालावे तितके वाहून जाई. आतल्या गोळ्यांची करकर मला नळीतून ऐकू येई. मामाही कड्याला कान लावून बसत, मग साहेबांकडे जात. हे जहाज रिकामे झाले की बघू, असे उत्तर मिळे. ते जहाज जाई आणि दुसरे येऊन उभे राही. मामा मला पुन्हा भरत.

अकराव्या दिवशी भर दुपारी, पेटी अधांतरी असताना, आत काहीतरी फुटले. क्रेन हिसका बसून अर्ध्या वळणावर अडकली आणि केबिन एका अंगाला कलली. लेक साडेतीन तास वर होती. “खाली बघू नकोस गं बाळा,” मामा ओरडत होते. मला खाली ठेवायचेही त्यांना भान नव्हते.

अग्निशमन दलाच्या शिडीवरून ती उतरली. तिला कुठेही लागले नव्हते. मामा धावले. तिने जमिनीवरचे लाल थारोळे पाहिले, मग वडिलांकडे पाहिले.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

साहेबांकडे बोट दाखवता आले असते. मामांनी दाखवले नाही.

“हो,” ते म्हणाले.

शेजारच्या माणसाचा आधार घेऊन ती निघून गेली.

क्रेन भंगारात गेली. मामा पुन्हा कामावर आले नाहीत. चौकशीवाल्यांनी मला ‘सदोष’ अशी चिठ्ठी बांधून कपाटात ठेवले आहे.

मित्रांनो, यंत्राला भरवताना रंगावर जाऊ नका, आत काय आहे ते वाचा. जुने काढल्याशिवाय नवे घालू नका. पण हे तर मामांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मला ते अजूनही प्रिय आहेत, म्हणून सांगताना जड जाते. मला थांबता येत नाही, कारण माझा दांडा दुसऱ्याच्या हातात असतो. मामांचा हात मात्र त्यांचाच होता.