कॅलरी उतरवण्याचं यंत्र

"उतरल्या! उतरल्या!" असा गलका झाला आणि मागच्या बायका चक्क बाकांवर चढल्या. आमच्या शिवणकारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कॅलरीगुरू आले होते. भगवं वगैरे काही नाही हो! पांढरा कोट, टाय, गळ्यात माइक. समोर भट्टीतून नुकताच काढलेला वाफाळता केक. गुरूंनी त्यात यंत्राची सुई खुपसली. आकडा आला ऐंशी. मग डोळे मिटून, केकवरून हात फिरवत, "मेदा, मागे फिर! चरबी, चालती हो!" अशी बराच वेळ बडबड. पुन्हा सुई. चाळीस!

"निम्म्या कॅलरी हवेत गेल्या, मंडळी! आता दुप्पट खा, हिशोब तोच!"

असा हिशोब कोणाला नको? केकचा फडशा पडला.

सगळ्यात पुढे माझा दादा, कारखान्याचा कटिंग मास्तर. दादाला साखरेचा आजार. भाज्या, अंडी, शेंगा खा म्हणून त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई कानीकपाळी ओरडत होत्या. पण वजन उतरवण्याचा हा कार्यक्रम सुरू झाला आणि दादाने गोळ्यासुद्धा बंद केल्या. त्यात पायावर कात्री पडून अंगठ्याला झालेली जखम चिघळत चालली होती.

"दादा, अरे पाय बघ तुझा!"

"तू गप गं. भाजीतही कॅलरी, केकमध्येही कॅलरी. आकडा बघ, आकडा!"

माझा नुसता संताप व्हायचा. रात्री रडूही यायचं.

एकदा कॅन्टीनचा गॅस संपला आणि आदल्या दिवशीचा गारढोण केक पुढे आला. सुई खुपसली, तर मंत्राआधीच बावीस! गुरू गडबडले, पण लगेच सावरले. "बघा, माझ्या नुसत्या पायगुणाने उतरल्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळीसाठी उचललेले माझे हात मात्र तसेच राहिले.

पुढच्या कार्यक्रमाला मी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम बोलावलं. किटलीतलं उकळतं पाणी पेल्यात ओतलं आणि सरळ पुढे गेले.

"गुरुजी, यातल्याही उतरवा ना."

"अगं बाई, पाण्यात कॅलरी नसतात!"

"मग सुई घालायला काय जातंय?" म्हणत मीच घातली. नव्वद!

"पाणी कुठल्या नळाचं आहे?" गुरूंनी विचारलं.

मी तेलाच्या बाटलीत सुई बुडवली. पंचवीस. "ऐका हो! उद्यापासून तेल प्या, पाण्याला शिवू नका!"

सगळे खो खो हसले. यंत्रावर 'कॅलरी' अशी पट्टी चिकटवलेली होती. मी ती नखाने सोलली. खाली तापमानाची खूण. स्वयंपाकघरातलं साधं तापमापक! मंत्र चालायचा तेवढ्या वेळात केक गार व्हायचा, बस्स.

दादा मात्र उसळला. चेहरा लालबुंद. "पण मला बरं वाटतंय, त्याचं काय?"

मी सुईची बाजू पुसली आणि त्याच्या काखेत धरली. एकोणचाळीस, म्हणजे घरच्या थर्मामीटरवर एकशे दोन. यंत्र गुरूंच्या संगतीत पहिल्यांदाच खरं बोललं.

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "ताप आहे याला. मोजा काढ आधी!" अंगठा काळानिळा पडला होता. बाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला." मग गर्दीकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही ऐका. आकडा खरा असता तरी नुसत्या आकड्याने भागत नाही. तेवढ्याच कॅलरीच्या शेंगाभाजीने पोट भरतं, साखर हळू चढते. केकने साखर भसकन चढते आणि थोड्या वेळात पुन्हा भूक लागते. ताटात किती आहे ते बघा, पण काय आहे ते आधी बघा!"

तोवर गुरू मागच्या दाराने पसार झाले होते.

दादाचा अंगठा गेला. पाय वाचला.

यंत्र अजून कॅन्टीनमध्येच आहे, केक आतून भाजला का ते बघायला. कारखान्यात हल्ली कोणी नव्या चमत्काराची जाहिरात घेऊन आलं, की दादा लंगडत पुढे होतो. "टाळ्या नंतर," म्हणतो. "आधी ताट गरम आहे की गार, ते हात लावून बघू द्या."