खाचेपेक्षा दोन बोटं वर

मी एक जुनी काठी आहे. मेळघाटातल्या बांबूची, पुरुषभर उंचीची. मित्रांनो, तुम्ही हसाल, पण अकोल्याकडच्या आमच्या भागात एके काळी लेकींच्या आया मला वाघापेक्षा जास्त भीत.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले. माझे मालक खुशालराव काळ्या जमिनीचे धनी. मिशा दाट आणि स्वतःबद्दलचं मत त्याहून दाट. त्यांनी मला चिखलदऱ्याहून आणलं, तेल पाजलं, बुडाला लोखंडी शेंबी ठोकली. पहिली चार वर्षं मी बैल हाकले, साप मारले, नाल्याच्या पाण्याचा अंदाज घेतला. ते दिवस बरे होते. माझ्यामुळे कोणाचं वाईट होत नव्हतं, साप सोडून.

मग थोरल्या महादेवचं लग्न काढलं. महादेव बुटका. सून त्याच्याहून उंच निघाली तर गाव हसेल, ही खुशालरावांना धास्ती. त्यांनी पोराला माझ्याजवळ उभं केलं आणि त्याच्या कानाच्या रेषेत विळ्यानं खाच पाडली.

"पोट्टीचं डोकं याच्या वर गेलं का गूळपाणी प्याचं अन् उठाचं," ते म्हणाले.

महादेवला खाचेखालची बायको मिळाली. गावानं वाहवा केली. मलाही तेव्हा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू! पुढे शेजारीपाजारी मुलगी पाहायला जाताना मला मागून नेऊ लागले. खाच महादेवच्या कानाची होती, हे दोन वर्षांत सगळे विसरले. खाचेखालची मुलगी चांगली, खाचेवरची वाया गेलेली, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मी मात्र गणती ठेवली आहे. एकतीस मुली मोजल्या, तेरा नाकारल्या.

आणि एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. एका पावसाळ्यात माझी शेंबी चिखलात रुतून गेली. खुशालरावांनी दुसरी बसवली नाही. उघडं बूड दगडाधोंड्यांवर घासून मी खालून तीन बोटं झिजले. मी झिजले, तशी खाचही जमिनीकडे सरकली. मापात मुली उंच भरू लागल्या.

"आजकालच्या पोट्ट्या ताडावानी वाढून राहिल्या," खुशालराव म्हणत. माझं बूड कोणी पाहिलं नाही.

शकुन अमरावतीजवळच्या खेड्यातली, चौदा वर्षांची. बाप वारलेला, आई पार्बताबाई दुसऱ्यांच्या शेतात तण निंदायला जाई. शकुन दोन घागरी घेऊन अशी ताठ चाले की पाण्याचा थेंब सांडत नसे. मुलासाठी तिला पाहायला गेलेल्या खुशालरावांच्या एका शेजाऱ्यानं मला तिच्या पाठीशी लावलं.

"दोन बोटं वर," तो म्हणाला.

त्याच्यासोबतची बाई फिस्सकन हसली. "हिले माळ घालाले नवरदेवाले शिडी लागन वं माय!"

मी झिजले नसते, तर शकुनचं डोकं खाचेच्या एक बोट खालीच राहिलं असतं. पुढच्या साली दुसरे पाहुणे मलाच घेऊन गेले. पुन्हा दोन बोटं वर.

त्यानंतर त्या घरात काय झालं, ते पुष्कळ वर्षांनी शकुनच्या तोंडून ऐकलं. पार्बताबाईंनी तिची भाकर अर्ध्यावर आणली. जास्त खाल्लं की वाढते म्हणून. घागरी बंद केल्या. लुगड्याच्या आत गुडघे वाकवून, पाठीला पोक काढून चालायचं रोज शिकवलं. "मले का हौस हाये, बाई?" म्हणत आई रडे, आणि पोरगी चुकली की पाठीवर धपाटाही घाली.

तिसऱ्या खेपेला खुशालराव स्वतः गेले, धाकट्या चंद्रभानसाठी. शकुन वाकून उभी राहिली. डोकं बरोबर खाचेला लागलं. खुशालराव खूश झाले. लुगड्याआड तिनं गुडघे वाकवले आहेत, हे मला पाठीशी असल्यामुळे कळलं.

तेव्हा नवरामुलगा मुलगी पाहायला जात नसे. अंतरपाट दूर झाला तेव्हा शकुननं चंद्रभानला पहिल्यांदा पाहिलं. तो चांगला उंचापुरा, दारातून वाकून आत येणारा. ती ताठ उभी राहिली असती, तरी त्याच्या खांद्याला लागली असती. पण सरळ झालं तर फसवणूक उघडी पडेल आणि सासरे माहेरी धाडतील, या भीतीनं ती वाकलेलीच राहिली.

"काहून वं, पाठ दुखते का तुही?" चंद्रभान विचारी.

"नाई."

"मंग सरळ चाल ना. मी का तुले दाबून राहिलो?"

नवरा परीक्षा पाहतो आहे, असं तिला वाटे. ती आणखी वाके.

बारा वर्षं गेली. पोक हाडात बसला. त्यांची मैना दहा वर्षांची झाली, बापावर गेलेली, लांबच लांब. एके सकाळी ती अंगणातून चालली होती. गुडघे वाकवून, मान खाली घालून. तिला कोणी शिकवलं नव्हतं. आईचं चालणं तिनं उचललं होतं.

ओसरीवरून खुशालराव म्हणाले, "मैना वाढून राहिली. काठी आणा, पाहू तरी."

शकुननं मला आणलं, तेव्हा तिचं लक्ष माझ्या घासलेल्या बुडाकडे गेलं. पण मैनाजवळ नेलं नाही. चंद्रभानच्या बाजूला टेकवलं. खाच त्याच्या खांद्याच्याही खाली आली. खाच महादेवच्या कानाची, हे तिनं घरात कधीतरी ऐकलं होतं. मग तिनं त्याला हाक मारली. ज्याच्या कानाची ती खाच, त्याच्याही कानाला ती पोचेना. तीन बोटं कमी.

खुशालरावांनी मला उलटं धरून बूड पाहिलं.

"झिजली," ते म्हणाले.

"मंग माह्या पाठीचं काय, मामाजी?"

बारा वर्षांत ती सासऱ्यांपुढे एवढं पहिल्यांदाच बोलली. खुशालरावांनी मला खाली ठेवलं. महादेव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

शकुन मैनाकडे वळली. "मान वर कर. गुडघे सोड. पोटभर जेव, अन् वाढ किती वाढाचं ते."

मैना सरळ झाली. शकुननंही भिंतीला हात लावून पाठ ताणली. दात आवळून दोनदा प्रयत्न करून पाहिला. पाठ सरळ झाली नाही.

मित्रांनो, आता मी कोपऱ्यात पडून आहे, आणि पडून आहे तेच बरं. त्या तेरा मुलींपैकी किती जणी अजून वाकून चालत असतील, ही गणती माझ्याकडे नाही. तुम्हाला कोणी उंच, बुटकं, काळं, जाडं म्हणून मापायला आलं, तर लगेच अंग चोरू नका. आधी त्याचं माप हातात घ्या, उलटं करून पाहा आणि विचारा, हे कोणासाठी केलं होतं?

मैना आता ताठ चालते. घरातून निघाली की शकुन दारापर्यंत येते आणि तिचा चेहरा दिसावा म्हणून मान वाकडी करून खालून वर पाहते.