डावरीचा राबता हात

छताला गिलावा करताना डावरीचं डोकं तिसऱ्यांदा गरगरलं, तेव्हा तिच्या दिरानं तिला परांचीवरून खाली उतरवलं. दीरच मुकादम. म्हणजे घरी आणि कामावर, दोन्हीकडे हुकूम त्याचाच.

"वहिनी, बास झालं. उद्यापासून खाली माल कालवायचा."

"तेवढ्यासाठी नाही शिकले मी थापी धरायला, भावजी."

वीस वर्षं तिनं डाव्या हातानं छतं गुळगुळीत केली होती. हल्ली मात्र हात डोक्याच्या वर नेऊन चार-पाच मिनिटं थापी चालवली की हात भरून यायचा आणि डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यात तीनदा बीपी मोजलं, तीनदा चोख निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उंचीची भीती बसली असेल. उंचीची भीती, आणि हिला! सगळी साइट फिदीफिदी हसली. डावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौथ्या खेपेला दीर सोबत आला. वहिनीला कायमचं खालीच ठेवता यावं म्हणून ती भीती त्याला कागदावर लिहून हवी होती.

डॉक्टरीणबाईंनी बीपीचा पट्टा उचलला, तसा डावरीनं सवयीनं उजवा हात पुढे केला. डाव्यावर कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं असायचं. दुसऱ्याच्या स्वच्छ टेबलावर तो कसा ठेवायचा? म्हणून तिन्ही वेळा तिनं उजवाच दिला होता. आज मात्र ती थबकली.

"थांबा. हा आयतोबा काहीच करत नाही. राबणाऱ्याला मोजा की!"

बाही सारून तिनं डावा हात टेबलावर ठेवला. सिमेंटचे पोपडे कागदांवर उडाले.

"अहो वहिनी, टेबल..."

"टेबल पुसता येतं," डावरी म्हणाली.

उजव्यावर वरचा आकडा एकशे तीस होता. डाव्यावर नव्वद. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं, दोन्ही नाड्या चाचपल्या.

"डाव्या हाताची धमनी खांद्याजवळ अरुंद झालेली दिसतेय," त्या म्हणाल्या. "हात राबायला लागला की त्याला रक्त पुरत नाही. मग मेंदूकडे निघालेलं रक्त तो आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून चक्कर. दोन्ही हात मीच मोजायला हवे होते. तपासणी करू, धमनी मोकळी करता येते. तोवर उंचावर चढायचं नाही."

डावरीला रडू आलं. इतके दिवस तीही स्वतःला भेकड समजायला लागली होती. पदरानं डोळे पुसून ती दिराकडे वळली.

"ऐकलंत? चोर हा हात आहे. मी भित्री नाही."

दीर खाली मान घालून म्हणाला, "तोवर छताला दुसरा गवंडी लावावा लागेल, वहिनी."

"लावा की. फक्त त्याला घेतानाच सांगा, जागा रिकामी नाही म्हणून."