पावलं वाचवणारा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. फळा म्हणालात तरी चालेल, पण माझ्यावर खडूने लिहायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडून द्या. माझा जन्म नकाशे काढण्यासाठी झाला. मी दाराएवढा लांब आहे, माझे पाय लोखंडी आहेत आणि माझ्यासमोर कोणी खुर्ची मांडून बसलंच, तर त्याला माझी फक्त खालची बाजू दिसते. माझ्यापाशी उभं राहूनच काम करावं लागतं. मला पाठ नाही, पोटऱ्या नाहीत, त्यामुळे माझ्या बोलण्यात फार कळवळा शोधू नका. जे पाहिलं ते सांगतो.

मला एका म्हाताऱ्या सुताराने बनवलं. आर्किटेक्टच्या ऑफिसातून मागणी आली, तेव्हा तो माप घ्यायला स्वतः गेला. तिथल्या एका ड्राफ्ट्समनला, म्हणजे नकाशे आखणाऱ्याला, त्याने भिंतीपाशी उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं आणि कोपराखाली पेन्सिलने खूण केली. तीच माझी उंची ठरली. सुताराच्या बायकोने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, एवढं उंच? याच्यावर जेवायला काय जिराफ येणारेत?" सुतार गालातल्या गालात हसला आणि रंधा मारत राहिला.

ऑफिसात माझ्यासारखे आणखी काही बोर्ड होते. आम्ही खिडक्यांच्या बाजूने रांगेत उभे होतो आणि आमच्यापाशी माणसं उभी होती. कागद एवढे मोठे असत, की या टोकाची भिंत आखून झाली की त्या टोकाचं दार आखायला चालत जावं लागे. जुने नकाशे दुसऱ्या खोलीत, पाण्याचा माठ जिन्यापाशी, मोठ्या साहेबांची खोली तर पार मागे. दिवसभर माणसं इकडून तिकडे जात-येत असत. त्या काळात सगळं गोडगोड होतं असं मात्र समजू नका. संध्याकाळी पाय दुखायचे, आणि बुटांच्या नाड्या सोडताना कितीतरी जण माझ्या नावाने बोटं मोडायचे.

अशात एक नवा ड्राफ्ट्समन माझ्यापाशी आला. हडकुळा होता, कानावर कायम पेन्सिल. त्याला जिने फार छान काढता यायचे. "पायरी अशी हवी, की चढणाऱ्याला आपण चढतोय हे कळूच नये," असं तो सांगायचा. कुठल्याही इमारतीचं काम आलं, की जिना त्याच्याकडे जायचा. त्याला सगळे आधी जिनेवाला म्हणायचे, केस पिकायला लागल्यावर जिनेकाका म्हणू लागले. मला तो आवडायचा, हे कबूल करायला हरकत नाही. तो माझ्यावर चहाचा कप कधी ठेवत नसे.

मग कॉम्प्युटर आले. मोठे साहेब निवृत्त झाले होते आणि त्यांची मुलगी ऑफिस बघू लागली होती. तिला सगळे मॅडम म्हणायचे. मॅडमनी जिनेकाकांना बोलावलं. "काका, आता सगळे बसून काम करणार. ऑफिसची मांडणी नव्याने करायला हवी. तुमच्याइतकी ही जागा कोणाला ठाऊक नाही. तुम्हीच नकाशा काढा."

जिनेकाका खूश झाले. त्यांनी माझ्यावर कोरा कागद ताणून बसवला. त्यांच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवतात. नकाशा असा काढायचा, की राहणाऱ्याच्या फेऱ्या वाचल्या पाहिजेत. स्वयंपाकघरात ओट्यापासून पाणी लांब नको, दवाखान्यात औषधांची खोली लांब नको. जिनेकाकांनी आयुष्यभर इतरांची पावलं वाचवली होती. आता ती त्यांनी आपल्या माणसांची वाचवायला घेतली. प्रत्येकाच्या हाताशी फोन, पाठीमागे कागदांचं कपाट, उजवीकडे प्रिंटर, डावीकडे पाण्याची बाटली, पायाशी कचऱ्याची टोपली. मधली जमीन गुळगुळीत, म्हणजे चाकांच्या खुर्चीवरून घरंगळत शेजाऱ्यापर्यंत जाता यावं. मॅडमनी नकाशा पाहिला आणि टाळ्याच वाजवल्या. "काका, कमाल केलीत! एकसुद्धा पाऊल वाया जात नाही."

माझ्यावर काढलेला तो शेवटचा नकाशा. त्यात मला जागा नव्हती.

बाकीचे बोर्ड विकले गेले. मला न्यायला हमाल आले, पण मी दारातून बाहेर निघेना. मधल्या काळात या लोकांनी दार अरुंद करून घेतलं होतं, आणि दुसऱ्यांची घरं आखणाऱ्या या हुशार मंडळींच्या हे लक्षातच आलं नव्हतं! हमाल मला वेडावाकडा करून थकले. शेवटी मला कोपऱ्यात ढकललं. माझ्यावर पार्सलं साठली, ओल्या छत्र्या आल्या, कोणाच्या तरी वाढदिवसाचं खोकं आलं, आणि पाणी न मिळाल्यामुळे वाळून गेलेली एक कुंडी आली. मला वाईट वाटलं. पण कोपऱ्यातून सगळं ऑफिस दिसत होतं, तेवढं एक बरं झालं.

काम झपाट्याने होऊ लागलं. सकाळी माणसं लिफ्टने यायची, खुर्चीत बसायची आणि तिथेच चिकटायची. जेवण टेबलावरच व्हायचं. शेजारच्याशी बोलायचं झालं तर खुर्ची ढकलायची. जिनेकाका या खुर्चीत सगळ्यांत तरबेज होते. पायाने जमीन अशी रेटायचे, की थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. सगळे हसायचे. हळूहळू त्यांचं पोट सुटलं. उठताना ते टेबलाच्या कडेला धरू लागले. लघवीसाठी सारखं उठायला लागू नये म्हणून पाणीही कमी पिऊ लागले. दिवसभर जिने काढायचे आणि घरी जाताना लिफ्टची वाट बघत उभे राहायचे.

एकदा एका शाळेच्या इमारतीचं काम अंगावर आलं. घाई अशी, की कोणाला मान वर करायला फुरसत नव्हती. जिनेकाकांची एक पोटरी दुखू लागली. त्यांनी बुटाची नाडी सैल केली. पाय सुजला, तेव्हा ती आणखी सैल केली. त्यांच्या शेजारी एक तरुण ड्राफ्ट्समन मुलगी बसायची. तिच्या जाड भिंगांमुळे तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. ती म्हणाली, "काका, डॉक्टरांना दाखवा ना एकदा."

"बसून बसून आखडलाय गं. हे काम संपलं की बघू."

काम संपायच्या आधीच त्यांना धाप लागली. खुर्चीत बसलेल्या माणसाला धाप लागलेली मी तोवर पाहिली नव्हती. चष्मेवालीने आरडाओरडा केला, मॅडम धावत आल्या आणि त्यांना हॉस्पिटलात नेलं. नंतर बोलण्यातून मला कळलं ते असं. त्यांच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, "एकट्या बसण्यानेच हे झालं असं मी म्हणणार नाही. वय आहे, वजनही आहे. पण वय काही तुमच्या हातात नाही. उठणं आहे. गोळ्या घ्या आणि एका जागी तासन्‌तास बसू नका. पुन्हा असं झालं, तर दर वेळी आपण वेळेवर पोहोचूच असं नाही."

जिनेकाका वाचले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. आणि मित्रांनो, खरा धोका तिथून पुढे सुरू झाला, कारण सगळ्यांना त्यांची काळजी वाटू लागली.

"काका, उठू नका, मी आणते." "काका, तुम्ही बसा हो, फाइल इकडेच पाठवतो." बाटली अर्धी व्हायच्या आत चष्मेवाली ती भरून ठेवायची. मॅडमनी आपली स्वतःची मऊ खुर्ची त्यांना दिली, पायाखाली उशी दिली. जिनेकाका भिडस्त माणूस. एवढ्या मायेला नाही कसं म्हणायचं? डॉक्टरांचं ऐकून ते उठायला जायचे, की चारी बाजूंनी "अहो अहो" व्हायचं आणि ते ओशाळून पुन्हा बसायचे. दुपारी घरून बायकोचा फोन यायचा. "उठताय ना मधूनमधून?" "हो हो," असं म्हणून ते विषय बदलायचे. पुढे त्यांचा हात पुन्हा बुटाच्या नाडीकडे गेला. ऑफिसात ते माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही, आणि मी बोर्ड. ओरडणार कसा?

त्याच आठवड्यात ते गोळ्या घरी विसरले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्या घेऊन ऑफिसात आल्या. सगळ्यांनी त्यांचं स्वागत केलं, त्यांनाही तत्परतेने खुर्ची दिली. काकू बसल्या नाहीत. त्या माझ्या शेजारी, छत्र्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत नवऱ्याला पाणी आलं, कागद आले, चहा आला, खाली पडलेलं पेनसुद्धा कोणीतरी उचलून दिलं. मग त्यांची नजर नाडी सोडलेल्या बुटावर गेली.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

जिनेकाकांनी पाय टेबलाखाली ओढून घेतला.

काकूंचा आवाज चढला नाही, पण खोलीतलं कीबोर्डचं टकटकणं थांबलं. "तुम्ही सगळे फार चांगले आहात. माझ्या माणसाला तुम्ही फुलासारखं जपताय. इतकं जपताय, की एक दिवस मी त्याला घरी न्यायला येईन आणि तो उठणारच नाही."

चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, आम्हाला वाटलं, त्यांना त्रास नको."

"कळतंय गं बाळा. पण डॉक्टरांनी त्याला थोडा त्रासच लिहून दिलाय ना?"

मॅडम कानकोंड्या झाल्या. त्या काही बोलणार तेवढ्यात जिनेकाका टेबलाला धरून उठले. "यांना कशाला बोलतेस? इथे उठायचं कारणच शिल्लक ठेवलं नाही, ते मी. हा नकाशा माझा आहे."

आधी ते काकूंबरोबर डॉक्टरांकडे गेले. या वेळी वेळेवर गेले. बऱ्याच दिवसांनी परतले ते सरळ माझ्याकडे आले. पार्सलं, खोकी खाली ठेवली, कुंडी बाजूला केली आणि मला ओल्या फडक्याने पुसलं. लाकडाला काय वाटतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही, पण मला फार बरं वाटलं. त्यांनी कोरा कागद लावला आणि उभ्याने नकाशा काढायला लागले. सगळे भोवती जमले. पाणी एका टोकाला, प्रिंटर एकच आणि तोही दुसऱ्या टोकाला, कपाटं पलीकडच्या खोलीत, कचऱ्याची टोपली दाराजवळ.

"काका, असा नकाशा मी काढला असता तर तुम्ही फाडून टाकला असतात," चष्मेवाली म्हणाली.

"फाडलाच असता," जिनेकाका म्हणाले. "माझ्या आयुष्यातला सगळ्यांत टुकार नकाशा आहे हा. मॅडम, सही करा."

मॅडमनी केली. पहिले काही दिवस सगळे कुरकुरले. खुद्द जिनेकाकाही पाण्याकडे जाताना पुटपुटायचे. शिवाय सवय जाता जात नाही. चष्मेवालीने लवकरच एक तोड काढली. सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून एकाच फेरीत भरून आणायच्या! तिला वाटलं, आता काका शाबासकी देतील. काकांनी आपली बाटली तिच्या हातातून काढून घेतली. "पोरी, तू फार उत्तम ड्राफ्ट्समन होणार. पण माझी बाटली खाली ठेव." ती हसली, आणि तेव्हापासून ज्याची बाटली तोच भरू लागला.

आता माझ्यापाशीही माणसं येतात. कोणी फोनवर बोलायला, कोणी चर्चेला, कोणी नुसतं पाठ सरळ करायला. दिवसभर कोणी उभं राहत नाही, राहूही नये. पूर्वीचे सुजलेले पाय मी विसरलेलो नाही. जरा बसतात, जरा उठतात, इकडेतिकडे जाऊन येतात. जिनेकाकांचं पुढे कसं होईल ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नाही. पण आज सकाळी त्यांच्या बुटाच्या नाड्या नीट बांधलेल्या होत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला पुसा, जपा, असं मी मागणार नाही. माझं बरं चाललंय. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरीही कोणीतरी दिवसभर खुर्चीत बसून काम करत असेल. आई असेल, बाबा असतील, काका, आत्या, मोठी बहीण. पडद्यावरची नजर न काढता ते म्हणतात, "जरा पाणी आण रे." तुम्ही गुणी मुलं, धावत जाऊन आणता आणि शाबासकी मिळवता. ताप असेल, पाय मोडला असेल, तर जरूर आणा. एरवी आणू नका. दारात उभे राहा आणि म्हणा, "चला, दोघं जाऊन पिऊ." ते वैतागतील. काम आहे म्हणतील. तुम्ही हलू नका. आळशी म्हणतील, उद्धट म्हणतील, आणि शेवटी तुम्हाला रागवायला म्हणून का होईना, खुर्ची मागे सारून उठतील. तेव्हा बोलणी खा. आणि त्यांचा हात धरून त्यांना पाण्यापर्यंत घेऊन जा.