जोबेल आत होती तेव्हा

जोबेलने मनगटावरचं घड्याळ सोडलं, फोन त्यावर ठेवला आणि दोन्ही वस्तू बापाच्या ओंजळीत दिल्या. मग चार्जर, अत्तराची बाटली, आणि आठवून आठवून केसांतला मोठा चिमटासुद्धा.

"चिमट्याने काय होणार आहे?" फर्मिनने विचारलं.

"तिथं वाद घालण्यापेक्षा काढलेला बरा, पा."

कागदांची फाइल छातीशी धरून ती अमेरिकन वकिलातीच्या रांगेत शिरली. तिने मागे वळून पाहिलं नाही. फर्मिनला ते बरं वाटलं. कामाला निघालेल्या माणसाने मागे पाहू नये, असं त्याचं मत होतं. रस्ता ओलांडून तो समुद्राच्या कठड्यापाशी आला. आत सोबत्यांना सोडत नाहीत, त्यामुळे त्याच्यासारखीच पंधरावीस माणसं दुसऱ्यांचे फोन मांडीवर घेऊन तिथं सावली धरून बसली होती.

फर्मिन दाएत गावचा पाववाला. काल संध्याकाळी बापलेक बसमध्ये बसले होते ते सकाळी मनिलाला उतरले. जोबेलने हॉटेलचं शिक्षण पुरं केलं होतं आणि अमेरिकेतल्या एका डोंगरी हॉटेलाने तिला वर्षभर शिकाऊ उमेदवार म्हणून बोलावलं होतं. आता फक्त व्हिसाची मुलाखत राहिली होती. 'फक्त' हा शब्द फर्मिनचा. गावाने तेवढाही धीर धरला नाही. वॉर्डाच्या कॅप्टनने, म्हणजे निवडून आलेल्या पुढाऱ्याने, कोपऱ्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावून टाकला. त्यात जोबेलचा फोटो होता आणि शेजारी कॅप्टनचा, तिच्या फोटोहून मोठा. बाजारात तुरी म्हणतात तसलाच हा प्रकार, पण आमच्याकडे पोरगी परदेशी निघाली की सगळं गावच निघतं, त्याला कोण काय बोलणार?

"पहिल्यांदाच आलात वाटतं," कोरिंग म्हणाली. ती कठड्यावर उकडलेली अंडी विकायची आणि न विचारता सल्ले द्यायची.

"हो. मुलगी आत गेलीय."

"मग चेहऱ्यावर जाऊ नका काका. रडत बाहेर येणाऱ्यांत निम्मे पास झालेले असतात. अंडं घ्या, मीठ फुकट आहे."

फर्मिन मीठ लावत होता तेवढ्यात जोबेलचा फोन वाजला. जेरिकचं नाव होतं. जेरिक म्हणजे परदेशी पाठवणाऱ्या एजन्सीतला पोरगा, जोबेलचे सगळे कागद त्यानेच केले होते.

"जोबेल, आत जाऊ नकोस," तो घाईने म्हणाला.

"मी तिचा बाप बोलतोय. ती गेली आत."



"काका, हॉटेलाने यंदाचे सगळे शिकाऊ रद्द केलेत. मेल मी आत्ता पाहिला. एकदोन दिवसांत तिचा बोलावण्याचा कागद तिकडूनच रद्द होईल. आणि आज ती आत जाऊन तेच हॉटेल सांगणार. उद्या कुणी म्हणालं, नसलेल्या कामासाठी व्हिसा मागितला, तर नावाला कायमचा डाग लागेल. तिला बाहेर काढा. मुलाखत दिली नाही तर पाटी कोरी राहील. पुढच्या वर्षी बघू."

"कसं काढू?"

"ते… तुम्ही तिथं आहात ना, काका."

म्हणजे कसं ते जेरिकलाही ठाऊक नव्हतं. फर्मिनने अर्धं अंडं कोरिंगच्या टोपलीच्या कडेवर ठेवलं आणि रस्ता ओलांडला. एका मोटारवाल्याने त्याला शिवी हासडली, ती त्याला ऐकूही आली नाही.

दारावरचा पहारेकरी त्याच्याच वयाचा होता. फर्मिनने टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, माझ्या मुलीला एक निरोप द्यायचाय. जोबेल ब्रागाइस. निळा शर्ट."

"आत शेकडो माणसं आहेत काका, निम्म्यांचे शर्ट निळे. आणि नावं पुकारायला हा काय बसस्टँड आहे?"

"चिठ्ठी तरी."

"चिठ्ठी नाही, फोन नाही, निरोप नाही. मला नोकरी आहे अजून आठ वर्षं." मग फर्मिनचा चेहरा बघून त्याने आवाज खाली घेतला. "घरात काही झालंय का? कुणी गेलंबिलं? तसं असेल तर सांगा. मोठ्या साहेबांना विचारून बघतो, मग आत कळवता येतं."

फर्मिनला कळलं की दार आहे आणि ते हाताच्या अंतरावर आहे. तिची आई गेली, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दही नाहीत. तिची आई लुर्देस या वेळी दुकानात गिऱ्हाइकांना पाव बांधून देत असणार, अंगावर पीठ, तोंडाने बडबड चालू. त्याने तोंड उघडलं. आजारी आहे म्हणावं का, हेही मनात येऊन गेलं, पण जिभेवर आलेला शब्द खराच होऊन बसला तर? आणि आत ती पोर एकटी ते ऐकणार.

"नाही," तो म्हणाला. "घरी सगळे बरे आहेत."

"मग काका, सावलीत बसा."

तो परत येऊन बसला. स्वतःचा त्याला इतका राग आला की त्याने स्वतःच्याच मांडीवर मूठ मारली. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि बापाला एक खोटं बोलता येऊ नये.  त्याचं अर्धं अंडं कोरिंगने कागदात गुंडाळून ठेवलं होतं, ते पुढे केलं. ते त्याने खिशात टाकलं.

पुढचे दोन तास त्याने दाराकडे बघण्यात घालवले. माणसं बाहेर येत होती. एक बाई रडत आली आणि तिच्या नवऱ्याने तिला उचलूनच घेतलं. आपल्या पोरीला नकार मिळो, असं फर्मिनने एकदा मागितलं, आणि लगेच मागे घेतलं.

मग जोबेल आली. केस मोकळे, चेहरा घामेजलेला.

"मिळाला, पा. शिक्का मारायला पासपोर्ट ठेवून घेतला त्यांनी."

त्याने तिचा दंड धरला. सांगायचं ते आत्ताच सांगायचं, घरी फोन जायच्या आत, असं त्याने ठरवून ठेवलं होतं.

"बाळा, जेरिकचा फोन आला होता."

 

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "हॉटेलच्या बाईंनी काल मलाच लिहिलं होतं. बसमध्ये वाचलं. तुम्ही झोपला होतात."

"आणि तरी आत गेलीस? तो म्हणतो पाटी कोरी राहिली असती. पुढच्या वर्षी…"

"पुढच्या वर्षी काही नाही, पा. शिक्षण संपल्यावर वर्षाच्या आतच शिकाऊ म्हणून जाता येतं. माझे दोन महिने राहिलेत. 'पुढच्या वर्षी' असं जेरिक सगळ्यांनाच सांगतो." तिने कपाळ पुसलं. "आज मुलाखत न देता बाहेर आले असते तर मी न जाताच परत आलेली ठरले असते. म्हटलं, एकदा तरी कुणीतरी मला हो म्हणू दे."

"त्यांनी काय विचारलं?"

"कुठलं हॉटेल. कागदावर होतं ते सांगितलं. आवाज कापला नाही. मग विचारलं, वर्ष संपल्यावर परत येशील कशावरून? म्हटलं, वडिलांची भट्टी आहे. तो अधिकारी हसला आणि म्हणाला, शुभेच्छा."

फर्मिनला तिला रागवायचं होतं.  त्याने तिचं घड्याळ तिच्या मनगटाला बांधायला घेतलं, पण पट्ट्याची पिन भोकात जाईना. शेवटी तिनेच ते बांधलं.

फोन वाजला. लुर्देस होती. जोबेलने तो कानाला लावला.

"मिळाला, मा."

पलीकडून इतका गलका आला की कोरिंगनेही मान वर केली. दुकानात गिऱ्हाइकं असणार. जोबेल ऐकत होती, हसत होती, हो हो म्हणत होती.  मग लुर्देसने काहीतरी विचारलं.  जोबेलने बापाकडे पाहिलं.

फर्मिनने तिच्या हातातून फोन घेतला.

"जायचं कधी, विचारतेय मी," लुर्देस म्हणाली.

"तारीख कळवणार आहेत," तो म्हणाला.

"मग सांगू का सगळ्यांना?"

"सांग," फर्मिन म्हणाला.