काहीही न बदलण्याचं काम

बांधकामाचा मुकादम आल्सिदेस पिरिसने निबिया ओलाइसोलाची भिंत तिसऱ्यांदा पाडली, तेव्हा तो रागावला नाही. ओळंबा गुंडाळून खिशात घालत तो म्हणाला, "पोरी, तू शिकलेली आहेस. तुझ्यासाठी काहीतरी बिनविटांचं काम बघू."

मोंतेविदेओ शहराच्या उत्तरेला त्रेसष्ट कुटुंबांची ही सहकारी संस्था आपली घरं आपणच बांधत होती. दोन टप्पे उभे राहिले होते, तिसरा चालू होता. नियम सोपा होता: घरामागे आठवड्याला एकवीस तास अंगमेहनत. कोणतं घर कोणाचं हे अगदी शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरणार, त्यामुळे आपली तेवढी भिंत सरळ बांधावी आणि शेजाऱ्याची वाकडी, अशी सोय नव्हती. निबियाच्या आईची कंबर धरल्यापासून एकवीसच्या एकवीस तास निबियाच्या वाट्याला आले होते. ती संख्याशास्त्राची पदवीधर. भिंत ओळंब्यातून किती अंश ढळली आहे हे ती दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत सांगू शके. भिंतीवर त्याचा काहीच परिणाम होत नसे.

बिनविटांचं काम तयारच होतं. संस्थेची हजेरी आणि कामाच्या पाळ्या एका वेब ॲप्लिकेशनवर चालत. ते चौदा वर्षांपूर्वी विल्मार तेचेराने लिहिलेलं. विल्मार धंद्याने प्लंबर, आणि त्याने ॲप्लिकेशनही नळ जोडावेत तसंच जोडलं होतं: गळत नाही ना, मग हात लावू नये. ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार मिळणाऱ्या सांगाड्यावर, ते उभं होतं त्याची तेव्हा चौथी आवृत्ती होती. आता बारावी आली होती. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने पत्र पाठवलं, की जूननंतर इतकी जुनी जनावरं आमच्या गोठ्यात बांधून घेणार नाही.

सभेने ठराव केला. निबियाने ॲप्लिकेशन बाराव्या आवृत्तीवर न्यावं, त्याचे तास अंगमेहनतीत धरावेत. मात्र काम पाहून सभेने मंजुरी द्यायची. मंजुरी मिळाली नाही, तर सगळी विनाकारण गैरहजेरी. आणि विनाकारण गैरहजेरी तीन महिन्यांच्या वर गेली की सभासदत्व रद्द, म्हणजे घरही गेलं. ठरावात चिटणीस दोन्या सुल्मा (दोन्या म्हणजे तिकडचं 'बाई') यांनी आणखी एक वाक्य घालून घेतलं: "कोणालाही काहीही नवीन शिकावं लागू नये." एकाहत्तर वर्षांच्या चिटणीसबाईंचं वाक्य एकमताने मंजूर झालं.

चौथीतल्या मुलाला उचलून एकदम बारावीत बसवता येत नाही. मधल्या सगळ्या इयत्ता कराव्याच लागतात. पाचवीत फायलींच्या जागा बदलल्या. सहावीत लॉगिनने मान टाकली. आठवीत तारखा उलट्या दिसू लागल्या आणि संस्थेतले निम्मे लोक अजून जन्मलेच नाहीत असं निघालं. प्रत्येक पायरीवर निबिया चाचण्या लिहीत होती: हे भरलं तर ते दिसलं पाहिजे, ते दाबलं तर हे झालं पाहिजे. अशा दोनशे बारा चाचण्या झाल्या.

विल्मार बगलेत थर्मास धरून मागे उभा राहायचा आणि माते नावाच्या तिकडच्या कडवट चहाचा पेला तिच्या हातात द्यायचा. "आमच्या वेळी चाचण्या नव्हत्या."

"मग चाललं की बिघडलं हे कळायचं कसं?"

"सुल्मा ओरडायची."

जुनी माहिती तपासताना निबियाला एक गोष्ट फारच भावली. गैरहजेरीचं कारण लिहिणं बंधनकारक होतं, आणि चौदा वर्षांत कारणाचा एकही रकाना रिकामा नव्हता. शंभर टक्के! केवढी ही शिस्त, असं तिच्या मनात आलं. शास्त्र शिकलेल्या माणसाने शंभर टक्के हा आकडा पाहिला, तर आधी चष्मा पुसावा आणि मग परत मोजावं. पण निबियापुढे अजून चार इयत्ता उभ्या होत्या.

मेच्या अखेरीस, शनिवारी दुपारी, सभा भरली. समाजगृहाच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. निबियाने अकरा पानांचा अहवाल आणला होता. आल्सिदेसने तो हातात तोलून पाहिला आणि परत दिला.

"थोडक्यात सांग. चार महिन्यांत काय काय बदललं?"

"काही नाही," निबिया म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरीचा अभिमान होता. "एकही बटन हललं नाही. तेच तर काम होतं."

मागून कोणीतरी म्हणालं, "मीही चार महिने काही बदललं नाही. माझेही तास धरा."

"आतून सगळं बदललंय," निबियाचे कान तापले. "आतला सांगाडा..."

"सांगाडा दिसतो, पोरी," आल्सिदेस समजुतीने म्हणाला. "मी सळ्या बांधतो तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतात."

विल्मारने तिची बाजू घेतली. "पाइपही भिंतीच्या आतच असतात ना रे आल्सिदेस?"

"पण नळ उघडला की पाणी येतं."

"मग उघडा की!" असं म्हणून दोन्या सुल्मा खुर्ची ओढून संगणकाशी बसल्या. महिन्याच्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या सभेतच, सगळ्यांसमोर नोंदवायची संस्थेची रीत होती. लपवाछपवी नको म्हणून. पहिल्या दोन चिठ्ठ्या गेल्या: एक दाढदुखी, एक बाळंतपण. तिसरी एदिसन फुर्तादोची. पाच रविवार. सुल्मांनी नाव भरलं, तारखा भरल्या, कारणाच्या रकान्यात एक कळ दाबली आणि नोंद केली.

भिंतीवर हातभर लाल अक्षरं उमटली: एदिसन फुर्तादो. सलग पाच रविवार गैरहजर. कारण द्या.

सुल्मांनी परत तेच केलं. भिंतीने परत तेच विचारलं. त्रेसष्ट घरची माणसं एकदम आपापल्या चपलांकडे बघू लागली.

"दोन्या सुल्मा, कारणात तुम्ही काय भरताय?" निबियाने हळूच विचारलं.

"नेहमीचंच. स्पेस."

"म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही कसं? एक कळ दाबते मी."

निबियाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात तिला फार वाईट दिसलं. मधल्या कुठल्याशा इयत्तेत फ्रेमवर्कला एक चांगली सवय लागली होती: लिहिलेल्या मजकुराच्या मागच्यापुढच्या मोकळ्या जागा कापून टाकायच्या, आणि मग काही उरलं नाही तर रकाना रिकामा धरायचा. जुन्या आवृत्तीला ही अक्कल नव्हती. तिच्या लेखी एक स्पेस म्हणजेही अक्षर. रिकामा रकाना नाकारला जातो का, ही चाचणी निबियाने केली होती. 'ताप' स्वीकारला जातो का, तीही केली होती. नुसती मोकळी जागा कोण कशाला भरून बघेल?

"फ्लू लिहा," कोणीतरी सुचवलं.

"पाच रविवार फ्लू?"

"मग कावीळ!"

"खोटं लिहायचं नाही," सुल्मा कडाडल्या. "आणि खरं विचारायचं नाही. मारिओचा पोरगा तुरुंगात होता तेव्हा विचारलं कोणी? आणि तू रे, दोन वर्षांपूर्वी आठ आठवडे..." कावीळ सुचवणारा घाईघाईने म्हणाला, "बरोबर आहे, बरोबर आहे."

"पण नियमात कारण बंधनकारक आहे," निबिया बोलून बसली.

"आहेच. रकाना रिकामा ठेवलास तर मी चिठ्ठी परत पाठवीन. स्पेस म्हणजे मी त्याच्या घरी जाऊन आले, आणि मला पटलं. कळलं?"

निबियाला कळलं. शंभर टक्के म्हणजे काय हेही कळलं.

एवढ्यात एदिसन उभा राहिला. दांडगा गडी, पण टोपी दोन्ही हातांत धरून तिची कड चुरगळत होता. भिंतीवरची लाल अक्षरं त्याच्या कपाळावर पडली होती. "लपवायचं काय त्यात," तो म्हणाला, "सांगून टाकतो. माझी बायको..."

"खाली बस," सुल्मा म्हणाल्या.

"यंत्र विचारतंय ना..."

"यंत्राला मी बघते. बस खाली!" आणि निबियाकडे वळून, तेवढ्याच आवाजात: "तू, बाई, ऊठ. कापाकापी बंद कर."

चार मिनिटं लागली. तेवढ्या एका रकान्यापुरती निबियाने फ्रेमवर्कची चांगली सवय मोडून काढली. सवयीप्रमाणे दोनशे तेरावी चाचणीही लिहिली: कारण म्हणून एक मोकळी जागा दिली असता ती स्वीकारली गेली पाहिजे. सगळी सभा तिच्या पाठीशी श्वास रोखून उभी होती, जणू ती विहिरीतून कोणालातरी वर काढत होती. मग सुल्मांनी कळ दाबली. लाल अक्षरं गेली. एदिसन बसला. कोणीतरी त्याच्या हातात माते ठेवला.

"चला," आल्सिदेस सुस्कारा टाकत म्हणाला, "आता कसं आहे?"

"पूर्वीसारखं," निबिया म्हणाली.

"म्हणजे परत काही बदललं नाही."

लोक पोट धरून हसले. पण हसू ओसरल्यावर प्रश्न तिथेच होता, आणि त्यावर दोन तास चर्चा झाली. बसून केलेल्या कामाला अंगमेहनत म्हणावं का? मग बसून फरशी घासतात तिला काय म्हणायचं? घाम येतो का? विल्मारने शपथेवर सांगितलं, की आठव्या आवृत्तीच्या वेळी तिला घाम आलेला त्याने स्वतः पाहिलाय. पिलार नावाच्या सुतारणीने विचारलं, उद्या वकील येईल आणि म्हणेल मी विचार करतोय, माझे एकवीस तास लिहा, तेव्हा काय? या प्रश्नाने सगळेच हादरले. मंजुरी दिली तर पायंडा पडतो. न द्यावी तर पोरीचं घर जातं. आणि तिचं घर जावं असं कोणालाच वाटत नव्हतं. आल्सिदेसला तर अजिबात नाही, कारण मग ती जाईपर्यंत भिंती बांधायला परत येणार.

शेवटी तोडगा दोन्या सुल्मांनी काढला. काम मंजूर करायचं नाही, नामंजूरही करायचं नाही. निबिया ओलाइसोला ही सभासद चार महिने कामावर गैरहजर होती, अशी सरळ नोंद करायची. सकारण.

"काय कारण?" निबियाने विचारलं.

सुल्मांनी नाव भरलं, चार महिन्यांच्या तारखा भरल्या, आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहत अंगठ्याने ती एक कळ दाबली. बाराव्या आवृत्तीने जराही कुरकुर न करता नोंद घेतली.

अकरा पानांचा अहवाल निबियाच्या मांडीवर होता. त्यात एक आलेखही होता, रंगीत.

"कोणाची हरकत?" आल्सिदेसने विचारलं. नव्हती. हात वर झाले, दोनदा मोजले गेले. बाजूने बासष्ट, विरोधात कोणी नाही, तटस्थ एक.

तटस्थ ती स्वतः होती. का, ते कोणी विचारलं नाही.