त्या नावाचं इथे कोणी नाही

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की सासूबाई गल्ल्यावर बसत, सासरे फ्रेमा पुसून काचेच्या कपाटात मांडत आणि सून मागच्या खोलीत भिंगं घासायच्या यंत्रापाशी जाऊन बसे. खाली चष्म्याचं दुकान आणि वर घर. नवरा गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचा. बाळंतपणाला जेमतेम महिना झाला होता, तरी सुनेला पुन्हा यंत्रावर बसवलं होतं. बाळ शेजारच्या टोपलीत झोपलेलं असे. मुलगी होती. यंत्राच्या घरघरीची तिला पोटातूनच सवय झालेली.

"अगं, बाहेर ये जरा," सासूबाईंनी हाक मारली. "तुझ्या गावचं गिऱ्हाईक आलंय."

दुकानातला अक्षरांचा तक्ता या घरच्या भाषेत होता. सुनेच्या माहेरची भाषा निराळी. ती बोलणारी माणसं अलीकडे शहरात खूप आली होती आणि त्यांना तो तक्ता वाचता येत नसे. म्हणून सुनेने आपल्या हाताने दुसरा तक्ता लिहिला होता. तो दाखवायला तिला बोलवत. एरवी ती भाषा घरात काढायची नाही, असा दंडक होता. सासूबाई म्हणत, "समोर बसून काय गुटूरगू करतेस ते आम्हाला कळायला नको?" पण गिऱ्हाइकाशी केलेली गुटूरगू चालायची.

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या म्हातारीने एका दमात सगळ्या ओळी वाचून दाखवल्या आणि कौतुकाने विचारलं, "पोरी, नाव काय तुझं?"

सून तक्त्याकडे वळली. मग म्हणाली, "नावाचं काय घेऊन बसलात आजी, चौथी ओळ पुन्हा वाचा."

तिला नाव सांगता येत नव्हतं, कारण तिचं खरं नाव या घराने लग्नाच्याच दिवशी काढून घेतलं होतं. तिच्या भाषेत त्या नावाचा अर्थ होता पहाटेचा उजेड. या घरच्या भाषेत ते ऐकायला शेंबडासारखं वाटे. मांडवात एक आत्या फिदीफिदी हसली, चार जणी तिच्यामागून हसल्या आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे नवं नाव जाहीर केलं. या घरच्या भाषेत त्याचा अर्थ शोभा. तिच्या माहेरच्या भाषेत त्याचा अर्थ होता उष्टं.

तिने पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना हे सांगितलं होतं. "आई, आमच्याकडे ताटात उरलेल्या घासाला म्हणतात हो असं."

"तुमच्याकडे म्हणत असतील," सासूबाई म्हणाल्या. "तू आता आमच्याकडे आहेस."

नवऱ्यालाही सांगून झालं. त्याने चेहरा पाडून ऐकलं आणि म्हणाला, "आता राहू दे ना. आईला वाईट वाटेल."

अशा रीतीने त्या घराने सुनेला एक नाव ठेवलं आणि मग उठता-बसता नावंही ठेवली. सहा वर्षं ती जिन्यावरून, गच्चीवरून, पाहुण्यांच्या देखत "ए उष्टं, पाणी आण," असं ऐकत आली. हाक मारणाऱ्यांच्या कानाला त्यात शोभा ऐकू येई. तिच्या कानाला काय ऐकू येई, याची कोणाला पडलेली नव्हती.

हेही तिने गिळलं असतं. बायका बरंच काही गिळतात. पण दोन वर्षांपूर्वी तिचे वडील अखेरच्या घटका मोजत होते आणि लेकीचं नाव घेत होते. भावाने दुकानात फोन केला. घरात फोन तेवढा एकच, गल्ल्यावर. भाऊ गडबडलेला, त्याच्या तोंडून लहानपणचंच नाव निघालं. सासूबाई म्हणाल्या, "त्या नावाचं इथे कोणी नाही," आणि फोन ठेवला. त्याने पुन्हा केला. पुन्हा तेच उत्तर. सून तेव्हा मागच्या खोलीत, दहा पावलांवर, कुणाच्या तरी चष्म्याचं भिंग घासत होती. तिला बातमी कळेपर्यंत चिता विझली होती.

"मला काय माहीत कोणाला विचारतोय," सासूबाई म्हणाल्या. "धड नाव सांगितलं असतं तर दिला असता तुला फोन."

त्या दिवसापासून सून या विषयावर एक अक्षर बोलली नाही. घरात सगळ्यांना वाटलं, विसरली. ती विसरली नव्हती. ती वेळेची वाट पाहत होती, आणि ती वेळ सासूबाईंनी आपल्या पायांनी तिच्या दारात आणली.

म्हातारी चष्मा ठरवून गेल्यावर सासूबाई मागच्या खोलीत आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. आवाजात साखर होती. पलीकडच्या नव्या वस्तीत दुसरं दुकान काढायचं ठरलं होतं. वस्ती सगळी सुनेच्या भाषेची. नातीच्या पायगुणाने दुकान होतंय, तेव्हा पाटीवर नातीचंच नाव घालायचं.

"पण नाव असं हवं," सासूबाई म्हणाल्या, "की आपल्यालाही गोड लागलं पाहिजे आणि तुमच्या लोकांनाही. दोन्हीकडे अर्थ चांगला पाहिजे. लोक हसायला नकोत. तू बघ ना जरा. तुला दोन्ही येतं."

सुनेने यंत्र बंद केलं. तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

"सांगा की. बघते," ती म्हणाली.

सासूबाईंनी पहिलं नाव सांगितलं. त्यांच्या आईच्या आवडीचं होतं ते.

"आमच्याकडे त्याचा अर्थ गळकं भांडं."

"अगबाई! मग राहू दे." दुसऱ्या दिवशी त्या नवं नाव घेऊन आल्या.

"खरूज," सून म्हणाली.

तिसरं नाव सासऱ्यांनी सुचवलं होतं. त्याचा अर्थ निघाला रडकी म्हैस. नणंदेने पत्राने कळवलेल्या नावाचा अर्थ इतका वाईट निघाला, की सुनेने तो मोठ्याने सांगायला नकार दिला. मग सासूबाईंनी कान पुढे केला, ऐकला आणि तोंडावर पदर धरला. सासऱ्यांना तर जेवताना एकेक नाव आठवायचं आणि ते घाबरत घाबरत विचारायचे, "हे तरी?" सून भात वाढता वाढता म्हणायची, "मूळव्याध."

यातलं पहिलं तेवढं खरं होतं. बाकीचं सगळं तिने मनाने रचलं होतं. पडताळून कोण पाहणार? सहा वर्षांत तिच्या भाषेतला एक शब्द शिकायची कोणाला गरज वाटली नव्हती. सासूबाईंच्या लाडक्या नावांना ती एकेक करून चिखलात लोळवत होती आणि दर खेपेला त्यांचा चेहरा पडला की तिला बरं वाटत होतं. तिला याची लाज वाटली असेल का? नाही. मुळीच नाही.

शेवटी एका दुपारी सासूबाईंचा तोल सुटला. "काय मेली भाषा तुमची! ज्याला हात लावावा त्याचा अर्थ घाण!"

"भाषा चांगली आहे," सून शांतपणे म्हणाली. "आणि आई, पोरीचं नाव वाईट निघू नये म्हणून तुम्ही महिनाभर माझ्या मागे फिरताय. मला उष्टं म्हणताना एकदा तरी मागे वळून बघितलंत?"

सासूबाई चपापल्या. "ते अजून धरून बसलीस?"

"बाळाचं नाव मी ठरवलंय. नाव ठेवायच्या दिवशी चारचौघांत सांगेन."

त्या दिवशी वरची खोली पाहुण्यांनी भरली. एका बाजूला सासरची माणसं, दुसऱ्या बाजूला सुनेचा भाऊ, त्याची बायको आणि नव्या वस्तीतली दोन-चार घरं. सासूबाईंनी नवी साडी नेसली होती. नाव सांगायची वेळ आली तसे त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "आण गं तिला माझ्याकडे. आजीच्या मांडीवर ठेव."

सुनेने बाळ छातीशी घट्ट धरलं.

"आधी माझं नाव सांगा, आई."

"म्हणजे?"

"माझ्या बापाने ठेवलेलं. ते बोला आणि बाळ घ्या."

भाऊ उठून काही बोलणार तोच ती म्हणाली, "दादा, तू सांगायचं नाहीस."

"अगं, मी सांगतो ना," नवरा पुढे आला.

"तुम्ही गप्प बसायला छान शिकलात. आजही बसा."

तो बसला. त्याची मान जी खाली गेली, ती जेवणं होईपर्यंत वर आली नाही.

सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. "एवढा तमाशा कशासाठी? नाव बदललं म्हणून? माझंही बदललं होतं! माझ्या सासूने बदललं, तिचं तिच्या सासूने. मी मेले का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," सून म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "कसं वाटतं ते माहीत होतं तुम्हाला. नकळत केलं असतंत तर मी कधीच सोडून दिलं असतं. तुम्ही ठाऊक असून मला उष्टं म्हणालात. ठाऊक असून दोनदा फोन ठेवलात. माझा बाप माझं नाव घेत गेला, आणि तुम्ही सांगितलंत, त्या नावाचं इथे कोणी नाही."

फोनची गोष्ट सासऱ्यांना तेव्हा पहिल्यांदा कळली. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दोनदा आला होता फोन?"

सासूबाई आतल्या खोलीत निघून गेल्या.

मग सुनेने लेकीचं नाव मोठ्याने सांगितलं. साधं, दोन अक्षरी. तिच्या माहेरच्या भाषेत त्याचा अर्थ हाक, या घरच्या भाषेत बी. दोन्ही बाजूंच्या माणसांनी ते म्हणून पाहिलं. कोणाची जीभ अडखळली नाही, कोणी हसलं नाही. "आणि हे नाव लग्नात बदलायचं नाही," ती म्हणाली. "जो बदलायला सांगेल, त्या घरात माझी मुलगी जाणार नाही."

त्यानंतर घराचा नूर बदलला. सासूबाईंना वाटलं होतं, चार दिवसांत सून वठणीवर येईल. ती आली नाही. सासरे बाळाला खेळवत, कारण त्यांनी सुनेच्या भावाला गाठून तिचं नाव विचारून घेतलं होतं आणि दुसऱ्या सकाळी चाचरत का होईना, उच्चारलं होतं. नवऱ्याने भाषाच शिकायला घेतली. सासूबाई तेवढ्या उरल्या. बाळ रडलं की गल्ल्यावरून उठत आणि पुन्हा बसत. बाळ पालथं पडायला लागलं, ते त्यांना गिऱ्हाइकाच्या तोंडून कळलं. शेजारणी सुनेला म्हणाल्या, "पुरे कर आता, म्हातारी झुरतेय." सून म्हणाली, "झुरू दे."

पावणेतीन महिन्यांनी सासूबाई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. त्यांनी सुनेचं ते नाव उच्चारलं. चुकीचं. शेंबडाच्या जवळ जाणारं.

"जीभ टाळूला लावा," सून म्हणाली. यंत्र चालूच होतं.

त्यांनी पुन्हा म्हटलं.

"शेवट लांबवा. घाई करू नका, मला घाई नाही."

किती वेळा म्हणवून घेतलं ते दोघींनाच ठाऊक. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सून एखाद्या मास्तरणीसारखी नुसती ऐकत होती. नाव नीट उमटलं तेव्हा तिने यंत्र थांबवलं, हात पुसले आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.

मूल तिने दिलं. माफी दिली नाही. सासूबाईंनी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "ती माझ्या वडिलांकडे मागा," आणि पुढचं भिंग उचललं.

तिला निष्ठुर म्हणणारे पुष्कळ भेटतात. लेकराला मध्ये घालून म्हाताऱ्या बाईला रडवलं, म्हणतात. म्हणोत. पण हे म्हणण्याआधी त्यांनी एक करावं. आपल्या घरात जावं, चूल सांभाळणाऱ्या सुनेला समोर बसवावं आणि लग्नाआधी तिला कोणत्या नावाने हाक मारत ते विचारावं. ती आधी उगाच हसेल, "आता कशाला ते," म्हणेल. तरी थांबावं, आणि ती सांगेल ते नाव तिच्यादेखत मोठ्याने म्हणून बघावं. जीभ अडखळली, तर कोणी कोणावर निष्ठुरपणा केला, याचा हिशेब तिथेच लागेल.